त्रियानोंचा तह: सीमा भाषेने ठरवली की रुळांनी?

नकाशेवेडा: ४ जून १९२० रोजी व्हर्सायच्या त्रियानों महालात पहिलं महायुद्ध हरलेल्या हंगेरीने तहावर सही केली आणि जुन्या राज्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त मुलूख गेला. हरणाऱ्याची जमीन जाते, त्यात नवल नाही. पण अमेरिकेचे अध्यक्ष विल्सनसाहेब स्वयंनिर्णयाचा डंका पिटत आले होते आणि तीसेक लाख हंगेरियन भाषिक शेजाऱ्यांच्या देशांत जाऊन पडले. त्यातले कितीतरी नव्या सीमेला अगदी चिकटून! का, तर सातू मारे–ओरादिया–अराद हा लोहमार्ग रुमानियाला सलग हवा होता. ओरादियात बहुसंख्य हंगेरियन बोलणारे, पण रूळ गेले तसं शहरही गेलं. चेकोस्लोव्हाकियाला डॅन्यूबचा काठ हवा होता, म्हणून कोमारोम गाव नदीवर दुभंगलं. मला विचाराल तर ही सीमा स्टेशनमास्तरने आखली.

खडूस_काका: साफ असहमत. आधीचं राज्य काय रामराज्य होतं का? १९१०च्या जनगणनेत क्रोएशिया वगळूनही हंगेरियन भाषिक जेमतेम ५४ टक्के. बाकी रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब. यांच्या शाळांवर हंगेरियन लादणारा १९०७चा कायदा आणला शिक्षणमंत्री आल्बर्ट अप्पोन्यींनी. आणि जानेवारी १९२०मध्ये पॅरिसला हंगेरीच्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून 'लोकांना विचारा, सार्वमत घ्या' म्हणत कोण उभं राहिलं? हेच अप्पोन्यी! सत्ता हातात होती तेव्हा स्लोव्हाकांना विचारायचं सुचलं नाही ते.

नकाशेवेडा: काका, मागणारा दुटप्पी होता म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. डिसेंबर १९२१मध्ये ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या सोप्रोन शहरात आणि आसपासच्या गावांत, ऑस्ट्रिया की हंगेरी, असं सार्वमत झालंच ना? जर्मन बोलणारे तिथे भरपूर, तरी सुमारे ६५ टक्के मतं हंगेरीकडे. घरातली भाषा एक आणि कौल दुसरीकडे, असं होतं माणसांचं. मग बाकीच्यांना का नाही विचारलं?

रुळावरचा_प्रवासी: रेल्वेची खिल्ली उडवू नका हो. नोकरी त्याच खात्यात गेली माझी, म्हणून बोलतो. तो मार्ग मैदानाच्या कडेने उत्तर-दक्षिण जातो. पूर्वेच्या डोंगरातली खोरी उतरतात आणि एकेक फाटा येऊन त्याला मिळतो. मार्ग हंगेरीला दिला असता तर एका खोऱ्यातलं धान्य, लाकूड, मीठ दुसऱ्या खोऱ्यात न्यायला रुमानियन माणसाला परक्या मुलखातून जावं लागलं असतं. शहर हंगेरियन, पण भोवतालची, विशेषतः पूर्वेची, बहुतेक खेडी रुमानियन. बाजार कुणाचा धरायचा, विकणाऱ्याचा की दुकानदाराचा?

बाराखडी: आणि सेकेय लोकांचं काय करणार होतात? तेही हंगेरियन भाषिक, पण राहतात थेट पूर्व कार्पेथियनच्या कुशीत, रुमानियाच्या मधोमध. १९४०मध्ये जर्मनी-इटलीने लवाद करून उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया, म्हणजे रुमानियाला गेलेल्या मुलखाचा उत्तर भाग, हंगेरीला परत दिला, तेव्हा सेकेय आले खरे, पण सोबत दहा लाखांहून जास्त रुमानियन आत आले. रडणारी माणसं बदलली, बस. पुढे १९४७च्या तहाने ती रेघ पुसली.

नकाशेवेडा: सेकेयांचं मान्य. तिथे कुठलीच रेघ बसत नव्हती. माझा वाद सीमेलगतच्या पट्ट्यापुरता आहे.

खडूस_काका: मग सोप्रोनचंही पूर्ण सांगा. मतदारयाद्यांत घोळ आहे अशी ऑस्ट्रियाची तक्रार होती.

नकाशेवेडा: होती. पण तक्रार करायला तिथे निदान यादी तरी होती. ओरादियात तीही नव्हती.