मदत हवी आहे: हलक्या गिट्टीत सरियाची लॅप किती? परवा भरणी आहे!

रामबागकर: इंदूरला जुन्या घरावर मजला चढवून राहिलो आहोत. खालच्या कॉलमांवर भार नको म्हणून हलकी गिट्टी घेतली. १२ मिमी सरिया, लॅप (जोडावर दोन सरिये एकमेकांलगत ठेवतात ती लांबी) दोन फूट. मिस्त्री म्हणतात भरपूर, मेहुणा म्हणतो हलक्या गिट्टीत सरिया सुटतो. हो की नाही, एवढंच सांगा.

बंड्या_बाणेर: गिट्टी म्हणजे खडी आणि सरिया म्हणजे सळई ना? हलकी म्हणजे कुठली? थर्माकोलचे मणी, सिंडर की भाजलेले गोळे? ग्रेड?

बडोद्याची_मावशी: छतावर चायना मोझॅकच लावा हो. आमचं एक थेंब गळत नाही.

रामबागकर: फ्लाय अ‍ॅशचे भाजलेले गोळे. काँक्रीटची ग्रेड एम २५, सरियाची फे ५००. मावशी, गळतीचं विचारलंच नाहीये.

तीस_वर्षं_साइटवर: पकड सिमेंटची असते, गिट्टीची नाही. सळईच्या जाडीच्या ५० पट लॅप आयुष्यभर देतोय, एक सळई सुटली नाही. बिनधास्त भरा.

कंगोरा: तीस वर्षं काळी खडी वापरलीत म्हणून. सळईचे कंगोरे काँक्रीटला रेटून जोर देतात. काळ्या खडीला चीर वळसा घालून जाते, या गोळ्यांतून आरपार जाते, आणि सळईलगत काँक्रीट उभं फाटतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम २५ चा बंध-ताण (सळईवरची पकड) १.४ न्यूटन प्रति चौरस मिमी, कंगोऱ्यांच्या सळईला ६० टक्के जास्त, म्हणजे २.२४. फे ५०० ला जाडीच्या ४८.५ पट होतात, १२ मिमीला ५८२ मिमी. साध्या काँक्रीटला दोन फूट पुरले असते. एसीआय ३१८ या अमेरिकी मानकातल्या हलक्या काँक्रीटच्या ०.७५ गुणकाने भागलंत तर ७७६ मिमी. अडीच फुटांच्याही वर.

तीस_वर्षं_साइटवर: अमेरिकेत घरं लाकडाची! त्यांचा गुणक रामबागेत कशाला?

कंगोरा: गोळे तेच, सळई तीच. घर कशाचं हा प्रश्नच नाही.

बंड्या_बाणेर: गोळे आदल्या दिवशी भिजवा, नाहीतर मिक्सचं पाणी पिऊन टाकतात. व्हायब्रेटर जास्त धरलात तर वर तरंगतात.

रामबागकर: बरं, अडीच फुटांच्या वर सांगतो. गॅलरीतही तेवढीच ना? चार फूट बाहेर आहे.

कंगोरा: गॅलरी?? आत्ता सांगताय? वरच्या सळ्यांचा जोड कुठे आहे?

रामबागकर: भिंतीवरच. तुकडे उरले होते, मिस्त्रींनी तिथेच संपवले. आणि विचारलंत कुठे तुम्ही?

कंगोरा: सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो! तिथे लॅप वाढवून भागणार नाही, अख्ख्या सळ्या खोलीच्या स्लॅबमध्ये आतपर्यंत न्या. डिझाइन कोणाचं आहे?

रामबागकर: मिस्त्रींचंच.

तीस_वर्षं_साइटवर: गॅलरीत मीही जोड देत नाही. ते वेगळं.

रामबागकर: भरणी थांबवली. स्ट्रक्चरल इंजिनियरला उद्या बोलावलंय, जुने कॉलमही दाखवतो. मिस्त्री फोन उचलून नाही राहिले.

बडोद्याची_मावशी: मग मोझॅकचे तुकडे निवडायला वेळ मिळाला की!