मदत हवी आहे: ग्रे कोड लावूनही १६-क्यूएएमचा बीईआर जास्त का येतोय?

सबमिशन_सोमवारी: १६-क्यूएएमचं (१६ बिंदूंच्या जाळीतला एक बिंदू, म्हणजे एक सिम्बॉल, निवडून एकदम चार बिट पाठवायची पद्धत) सिम्युलेशन केलंय. ग्रे कोड (शेजारच्या आकड्यांत एकच बिट बदलणारा क्रम) लावलाय, तरी बीईआरचा (चुकलेल्या बिटांच्या प्रमाणाचा) आलेख थिअरीच्या वरच राहतो. सोमवारी सरांना दाखवायचंय. वर त्यांनी 'क्वांटममध्ये ग्रे कोड' यावर एक पान मागितलंय. त्यात काय लिहू? लवकर सांगा प्लीज.

कर्वेनगरकर: वर म्हणजे किती वर? सरासरी ऊर्जा १ करायला बिंदूंना १० च्या वर्गमुळाने भागायचं राहिलं असणार. आणि आडव्या अक्षावर ईबी (दर बिटाची ऊर्जा) घेतलंय की ईएस (दर सिम्बॉलची)? एका सिम्बॉलला चार बिट आहेत, तिथेच ६ डीबीचा घोळ होतो.

सबमिशन_सोमवारी: ते सगळं बरोबर आहे हो.

कर्वेनगरकर: मग इथे कशाला आलात? आकडे द्या.

भोसरीचा_फिटर: आमच्या मशीनवरचा अ‍ॅब्सोल्यूट एनकोडर (शाफ्ट कुठल्या कोनात आहे ते सांगणारा) ग्रे कोडचाच आहे. साध्या बायनरीत ७ वरून ८ वर जाताना चारही बिट बदलतात, पण अगदी एका क्षणी नाही, त्यामुळे मध्येच भलताच आकडा वाचला जातो. तुमच्या केबलची शील्ड अर्थ केली आहे का बघा. नवा एनकोडर लागला तर तापकीर गल्लीत विचारा.

सबमिशन_सोमवारी: काका, माझ्याकडे एनकोडर नाहीये. पायथॉन आहे.

भोसरीचा_फिटर: ग्रे कोड मूळचा एनकोडरचाच, म्हणून सांगितलं.

पेठेतला_पेटंटवाला: मूळचा कसा? फ्रँक ग्रे बेल लॅब्जचे. १९४७ चा अर्ज, १९५३ चं पेटंट, आणि तेही पल्स कोडने संदेश पाठवण्याचं.

सबमिशन_सोमवारी: भांडण नंतर करा ना! हे घ्या आकडे: सिम्बॉल एरर रेट सूत्राशी जुळतो. जास्त एसएनआरला (म्हणजे नॉइजच्या मानाने सिग्नल जोरदार असताना) फक्त बीईआर साधारण दीडपट येतो. ० ते १५ चे ग्रे कोड काढून ४×४ जाळीत ओळीने भरलेत.

डेटाशीट_वाचा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सिम्बॉल बरोबर, म्हणजे नॉइज आणि ऊर्जा दोन्ही ठीक; घोळ मॅपिंगमध्ये. तुमची पहिली ओळ ००००, ०००१, ००११, ००१०. दुसरी ०११०, ०१११, ०१०१, ०१००. आडवे शेजारी एका बिटाने वेगळे, पण उभे बघा: ०००० च्या खाली ०११०, दोन बिट! पुढच्या ओळींतही तेच. निम्म्या चुकांत एक बिट जातो, निम्म्यांत दोन. सरासरी दीड. आय (आडवा अक्ष) आणि क्यूला (उभा अक्ष) दोन-दोन बिट वेगळे द्या, दोन्हीकडे ००, ०१, ११, १० याच क्रमाने.

नागमोडी: एवढं कशाला? एकाआड एक ओळ उलटी भरा, झालं काम.

कर्वेनगरकर: असले जुगाड ६४-क्यूएएमला नडतात.

डेटाशीट_वाचा: नाही नडत. उलटवून बघा, दुसरी ओळ ०१००, ०१०१, ०१११, ०११० होते. मी सांगितलेलंच मॅपिंग आहे ते. ८×८ लाही हेच.

क्यूबिटवेडी: क्वांटमचं पान राहिलंच की. ऑसिलेटरच्या ऊर्जेच्या पातळ्या क्यूबिट्समध्ये (क्वांटम बिट) भरताना शिडीचा ऑपरेटर फक्त शेजारच्या पातळ्या जोडतो. बायनरीत ३ वरून ४ ला जाताना ०११ चं १०० होतं, तिन्ही क्यूबिट उलटतात. ग्रेमध्ये दर पायरीला एकच. दुसरं उदाहरण: तीन कंट्रोल क्यूबिट्सच्या प्रत्येक स्थितीला वेगळा कोन असलेलं रोटेशन. ते ८ साध्या रोटेशनमध्ये आणि ८ सीनॉटमध्ये (कंट्रोल १ असेल तरच दुसरा क्यूबिट उलटवणारं गेट) बसतं, आणि कुठल्या सीनॉटला कोणता कंट्रोल हे ग्रे कोडमध्ये बदलणारा बिट ठरवतो. कोड चक्राकार आहे, म्हणून शेवटचा सीनॉट विसरू नका.

कर्वेनगरकर: सगळीकडे फायदा होतोच असं नाही हेही लिहा. पातळी क्रमांकाचा ऑपरेटर बायनरीतच सुटसुटीत.

क्यूबिटवेडी: ते खरंय.

सबमिशन_सोमवारी: ओळी उलट्या केल्या, जास्त एसएनआरला बसला! कमी एसएनआरला मात्र अजून किंचित वर आहे. आता काय?

डेटाशीट_वाचा: थिअरीचा आलेख कुठल्या सूत्राने काढलाय? सिम्बॉल एरर भागिले चार?

सबमिशन_सोमवारी: हो.

डेटाशीट_वाचा: मग वरच राहणार. चूक नेहमी शेजारच्याच बिंदूवर होते असं ते सूत्र धरतं. नॉइज जास्त असला की तिरप्या किंवा लांबच्या बिंदूवरही उडी जाते, तिथे एकापेक्षा जास्त बिट जातात. सरांनी विचारलंच तर हेच सांगा.

भोसरीचा_फिटर: शील्ड बघितली का पण?