अजिंक्यपद ‘हुकलं’ की ‘डावललं’?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लेख लिहितोय. २००४ मध्ये ऑबर्न विद्यापीठाने तोवरचे १२ पैकी १२ सामने जिंकले, पण क्रमवारीत तिसरा क्रमांक आला. तेव्हा निर्णायक सामन्याला जागा पहिल्या दोनच संघांना. ओक्लाहोमाला ५५-१९ हरवून सदर्न कॅलिफोर्निया विजेता ठरला. मी लिहिलं, ‘ऑबर्नचं अजिंक्यपद हुकलं’. ते खटकतंय. नेम हुकतो, गाडी हुकते. त्यात चुकणारा आपणच असतो. ऑबर्न कुठे चुकलं?

– ‘डावललं’ लिहा. बढतीत डावलतात तसं. हक्क असलेल्याला जाणूनबुजून मागे टाकणं हा अर्थ त्या एकाच क्रियापदात आहे.

– ऑबर्नसाठी मला ते जड वाटतं. सामन्याआधी ते दोन्ही संघही अपराजितच होते, तिघांतला एक बाहेर राहणारच होता. तिथे ‘वगळलं’ पुरे. ‘डावललं’ १९६६ च्या अलाबामासाठी राखून ठेवा. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला होता, तरी विजेता ठरवणाऱ्या पत्रकारांच्या मतदानात तेच पहिले-दुसरे. सगळे सामने जिंकलेला, आधीच्या वर्षीचा विजेता अलाबामा तिसरा! शेवटचं मतदानही बोल सामन्यांआधीच, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्यांआधीच उरकलेलं. नंतर त्यांनी नेब्रास्काला ३४-७ हरवलं, त्याचा उपयोग शून्य. संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, ते मतदारांना खटकलं असावं असं बरेच जण मानतात. तसं असेल तर ‘डावललं’च. मात्र वर्णभेदाचा तो संदर्भ लेखात यायलाच हवा, नाहीतर अन्यायाची एकच बाजू दिसेल.

– ‘अपराजित’ जपून वापरा. बरोबरी झालेला नोटर डेमही अपराजितच! अलाबामाचं यश ‘निर्भेळ’. पण यश निर्भेळ असतं, संघ नव्हे.

– आणि ‘अजिंक्य’ म्हणजे जिंकता न येणारा, साताऱ्याचा अजिंक्यतारा आठवा. न हरलेला आणि हरवता न येणारा यांत फरक आहे. पहिलं निकालांवरून कळतं, दुसरं मैदानात समोरासमोर आल्याशिवाय कसं कळणार? तेव्हा तर ते मतांनी ठरायचं. म्हणून त्या काळासाठी ‘अजिंक्यपद’ऐवजी ‘अव्वल क्रमांक’ म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

– पटलं. आता वाक्य असं केलंय : ‘सगळे सामने जिंकलेल्या अलाबामाला डावलून, एक सामना बरोबरीत सोडवलेल्या नोटर डेमला अव्वल क्रमांक दिला गेला.’ ऑबर्नच्या परिच्छेदात ‘वगळलं’ ठेवतो.