मदत हवी आहे: विकत घेतलेल्या गॅस पाइपलाइनची सरकारदरबारी नोंद, आणि आधीच्या मालकाचे आकडे

रेवती_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे. पण इथे तेल आणि वायू क्षेत्रातली बरीच माणसे आहेत, टेक्सासातली आहेत, पुण्यामुंबईत बसून अमेरिकन कंपन्यांचे काम करणारीही आहेत, म्हणून विचारते.

मी ह्यूस्टनमधल्या एका छोट्या पाइपलाइन कंपनीत कम्प्लायन्सचे, म्हणजे नियमपालनाचे, काम बघते. मूळची मी पायपिंग डिझाइनची, या कामात तशी नवीन. डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या कंपनीने पश्चिम टेक्सासातली नैसर्गिक वायूची एक ट्रान्समिशन लाइन, म्हणजे वायू दूरवर नेणारी मुख्य लाइन, विकत घेतली. लांबी ६४ मैल, व्यास १२ इंच, बहुतेक पाइप १९५० च्या दशकाच्या अखेरीस टाकलेला. सोबत विहिरींकडून वायू गोळा करणाऱ्या काही गॅदरिंग लाइनीही आल्या. एके ठिकाणी मुख्य लाइन गावाला अगदी लागून जाते. पाइप टाकला तेव्हा तिथे माळ होता, आता घरे आहेत, शाळा आहे. आजूबाजूच्या वस्तीप्रमाणे लाइनीचे १ ते ४ असे क्लास असतात, १ विरळ, ४ सर्वात दाट; तो तुकडा आता क्लास ३ मध्ये मोडतो.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अमेरिकेच्या परिवहन खात्याखाली पीएचएमएसए ही पाइपलाइन सुरक्षेची संस्था आहे. प्रत्येक ऑपरेटरला तिच्याकडून ओपीआयडी नावाचा क्रमांक घ्यावा लागतो. मालकी, नाव, जबाबदारी यात मोठा बदल झाला की एफ १०००.२ हा नोंदणी-बदलाचा फॉर्म भरायचा. शिवाय गॅस ट्रान्समिशन आणि गॅदरिंगसाठी एफ ७१००.२-१ हा वार्षिक अहवाल, आधीच्या कॅलेंडर वर्षाचा, १५ मार्चच्या आत.

नोंदणीबद्दल माझी समजूत अशी: ५० मैल किंवा त्याहून जास्त लाइन घेतली किंवा विकली, तर व्यवहारानंतर ६० दिवसांत कळवायचे. म्हणजे आमची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. विकणाऱ्याने कळवले की आमचे काम झाले, असे ऑफिसात एकाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? आणि डिसेंबरातच व्यवहार झाला असला तरी वर्षभराचा अहवाल आम्हीच भरायचा का?

खरा प्रश्न पुढचा आहे, आणि त्याने मला झोप लागत नाही. अहवालाच्या भाग क्यू मध्ये लाइनचा कमाल मान्य दाब कशाच्या आधारे ठरवला, ते मैलांत विभागून लिहायचे असते. आधीच्या मालकाने गेल्या वर्षी सगळेच्या सगळे मैल ‘दाब चाचणीच्या आधारे’ या रकान्यात घातले आहेत आणि अपुऱ्या कागदपत्रांच्या रकान्यात शून्य. आमच्या हाती आलेल्या खोक्यांमध्ये मात्र जेमतेम अर्ध्या लांबीचे चाचणीचे चार्ट आहेत. बाकीच्या लांबीसाठी एका एक्सेल शीटमध्ये ‘चाचणी झाली’ एवढेच लिहिलेले. कोणी केली, कधी केली, किती दाबाला, काही नाही. गावाजवळचा तुकडा नेमका याच भागात येतो.

आमचे साहेब म्हणतात, यंदा मागचेच आकडे पुढे चालव, पुढच्या वर्षी बघू. माणूस चांगला आहे, मुदतीच्या दडपणाखाली आहे. पण मला ते मान्य होत नाही. अपुरे आहे असे लिहिले तर नेमके काय होते? दंड होतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मंजिरी_पुणे

रेवती, नोंदणीचे आधी सांगते. विकणाऱ्याने विकल्याचे कळवायचे आणि घेणाऱ्याने घेतल्याचे. दोन्ही स्वतंत्र, त्यांच्या नोंदीने तुमची होत नाही. वार्षिक अहवालातले मैल ३१ डिसेंबरची स्थिती दाखवतात, म्हणून ही लाइन तुमच्याच अहवालात येणार.

एफ १०००.२ भरताना एक गोष्ट बहुतेकांकडून निसटते. इंटेग्रिटी मॅनेजमेंट (पाइपाच्या मजबुतीची तपासणी आणि निगा), नुकसान-प्रतिबंध, जनजागृती, औषध आणि मद्य चाचणी, असे जे सुरक्षा कार्यक्रम असतात ते कोणत्या ओपीआयडीखाली चालतात, तेही नोंदलेले असते. नवी लाइन तुमच्या मूळ कंपनीच्या कार्यक्रमात सामील केली असेल, तर त्या कार्यक्रमाला जबाबदार कोण हे बदलले. तो बदलही ६० दिवसांत कळवायचा असतो.

गॅदरिंग लाइनींचे प्रकार आधी ठरवून घ्या. नोव्हेंबर २०२१ च्या नियमाने ४ लाखांहून जास्त मैल गॅदरिंग लाइनी पहिल्यांदाच अहवालाच्या कक्षेत आल्या. टाइप ए, बी आणि सी या एफ ७१००.२-१ मध्येच येतात. टाइप आर, म्हणजे फक्त अहवाल द्यावा लागणाऱ्या लाइनी, यांसाठी एफ ७१००.२-३ हा वेगळा फॉर्म आहे. क्लास १ मधल्या ज्या लाइनींचा बाह्य व्यास ८.६२५ इंच किंवा जास्त आहे, त्या टाइप सी आहेत का ते नीट तपासा. विकणाऱ्याची जुनी वर्गवारी तशीच उचलू नका.

कातळ

धागा वाचला. मी या क्षेत्रातला नाही, पण मनापासून विचारतो. फॉर्ममधल्या एका रकान्यातून मैल दुसऱ्या रकान्यात नेल्याने जमिनीतल्या पाइपाला काय फरक पडतो?

सह्यकडा

कातळ, तुमच्या प्रश्नातच रेवतीताईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी नोकरीची बहुतेक वर्षे इंटेग्रिटीच्या कामात गेली.

९ सप्टेंबर २०१०. कॅलिफोर्नियातले सॅन ब्रुनो. पीजी अँड ई कंपनीची ‘लाइन १३२’ ही ३० इंची लाइन संध्याकाळी वस्तीत फुटली. ८ माणसे गेली, ३८ घरे नष्ट झाली. वायू बंद करायला ९५ मिनिटे लागली. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने तपास केला. कंपनीच्या नोंदीत तो पाइप सीमलेस, म्हणजे उभा सांधा नसलेला, असा होता. प्रत्यक्षात १९५६ साली तिथे जोडलेल्या लहान तुकड्यांना उभे वेल्ड होते आणि त्यांतले काही आतून अर्धवटच भरलेले होते. त्या काळी ३० इंची सीमलेस पाइप बनवणारा मान्यताप्राप्त कारखाना अमेरिकेत नव्हताच. म्हणजे नोंद वाचूनच शंका यायला हवी होती. पण एकाने लिहिलेले दुसऱ्याने उतरवले, कागदावरून संगणकात गेले, आणि प्रत्येक वेळी जास्तच खरे वाटू लागले. त्याच नोंदींवर दाब ठरत होता, कुठे आधी तपासायचे हे ठरत होते.

भाग क्यू या घटनेनंतर आला. जानेवारी २०१२ मध्ये सही झालेल्या कायद्याने ऑपरेटरांना कमाल दाबाची कागदपत्रे पडताळायला लावली, आणि अपुऱ्या कागदपत्रांचा रकाना त्यासाठीच ठेवला. कागद नाहीत असे प्रामाणिकपणे सांगायला सरकारने जागा करून दिली आहे, रेवतीताई. ती वापरा.

तिथे शून्य सोडून दुसरे काही लिहिले म्हणून आपोआप दंड होत नाही. पुढे काम मागे लागते, हे मात्र खरे. ऑक्टोबर २०१९ च्या नियमाने गॅस पाइपलाइन सुरक्षेच्या नियमावलीत (भाग १९२) १९२.६२४ हे कलम आले. क्लास ३, क्लास ४ आणि ‘हाय कॉन्सिक्वेन्स एरिया’तल्या, म्हणजे अपघात झाला तर जास्त माणसांना धोका असलेल्या भागातल्या, ज्या लांबीची माग काढता येतील, पडताळता येतील अशी पूर्ण कागदपत्रे नाहीत, तिचा दाब नव्याने सिद्ध करायचा. पुन्हा चाचणी, दाब कमी करणे, पाइप बदलणे, अभियांत्रिकी मूल्यमापन, असे मार्ग दिले आहेत. निम्मे मैल ३ जुलै २०२८ पर्यंत, सगळे २ जुलै २०३५ पर्यंत. तुमचा शाळेजवळचा तुकडा या यादीत आजच यायला हवा. मागचे आकडे पुढे चालवलेत तर तो यादीत येणारच नाही. कागद नसताना आहेत असे सही करून सरकारला कळवणे हा मात्र सरळ गुन्ह्याचा विषय होऊ शकतो, आणि आता सही तुमच्या कंपनीची असेल. दिवाणी दंडाची कमाल मर्यादाही दर उल्लंघनाला दिवसाला २ लाख डॉलरहून जास्त आहे. साहेबांना हे शांतपणे, लेखी दाखवा.

रेवती_ह्यूस्टन

सह्यकडा, मंजिरी, तुम्हा दोघांचे खूप आभार. सॅन ब्रुनोबद्दल ऐकले होते, पण ‘सीमलेस’ची नोंद आणि हा रकाना यांचा संबंध मला माहीत नव्हता.

दोन उपप्रश्न. साहेब विचारतात, १९७० च्या आधीची लाइन आहे तर सगळे ग्रँडफादर कलमात, म्हणजे जुन्या लाइनींना पूर्वीचाच दाब चालू ठेवू देणाऱ्या १९२.६१९ (सी) मध्ये, दाखवता येईल का? आणि एप्रिल-मेमध्ये लाइनचा प्रवाह उलटा करायचा विचार चालू आहे. त्याचे काही कळवावे लागते का?

सह्यकडा

ग्रँडफादर कलमालाही कागद लागतो. १ जुलै १९७० च्या आधीच्या पाच वर्षांत लाइनवर प्रत्यक्ष जास्तीत जास्त किती दाब होता, त्याची नोंद. ती असेल तर जरूर दाखवा. नसेल तर त्याच कलमापुढे अपुऱ्या कागदपत्रांचा रकाना आहे, तिथे जा. आधीच्या मालकाने चाचणी म्हणून दाखवलेले मैल तुम्ही आता ग्रँडफादरमध्ये टाकलेत, तर का टाकले याची एक पानाची टिपण फाइलला लावून ठेवा. तपासनीस येईल तेव्हा तुम्ही त्या खुर्चीत असालच असे नाही.

प्रवाहाचे मात्र आजच लिहून घ्या. ३० दिवसांपेक्षा जास्त काळ प्रवाह उलटा राहणार असेल, तर सुरू करण्याच्या ६० दिवस आधी कळवायचे. मालकीबदलाचे नंतर कळवतात, याचे आधी. एप्रिल म्हणत असाल तर सूचना जानेवारीच्या अखेरीपर्यंत गेली पाहिजे. १० मैल किंवा जास्त नवी लाइन, किंवा १ कोटी डॉलर वा त्याहून जास्त खर्चाची दुरुस्ती, हेही ६० दिवस आधीच. प्रवाह उलटवण्याबद्दल पीएचएमएसएने २०१४ मध्ये एक सल्लापत्रक काढले होते, ते साहेबांना वाचायला द्या. प्रवाह उलटला की लाइनभर दाबाची विभागणी बदलते. वर्षानुवर्षे कमी दाब पाहिलेला तुकडा एकाएकी पंपिंग स्टेशनच्या, तुमच्या बाबतीत कॉम्प्रेसरच्या, तोंडाशी येतो. तो तुकडा गावाजवळचा निघाला तर आधी कागद आणि मग प्रवाह.

मंजिरी_पुणे

+१. फॉर्मच्या आवृत्तीबद्दलही बोलूया, कारण रेवती मागच्या वर्षीच्या अहवालावरून काम करते आहे. पेपरवर्क रिडक्शन कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक फॉर्मला ओएमबीची, म्हणजे व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाची, मंजुरी लागते, ती जास्तीत जास्त तीन वर्षांची. मंजुरीचा क्रमांक आणि संपण्याची तारीख फॉर्मवर छापलेली असते. बदल करायचा तर फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात आधी ६० दिवसांची आणि मग ३० दिवसांची सूचना निघते, मसुदा सगळ्यांना पाहता येतो आणि कोणीही हरकत नोंदवू शकतो. छोट्या कंपन्या हे वाचत नाहीत आणि मार्चमध्ये नवा रकाना बघून धावपळ करतात. तो मसुदा उन्हाळ्यातच वाचला तर माहिती गोळा करायला महिने मिळतात.

सूचनापुस्तिकाही दरवर्षी नव्याने उतरवा. गॅस अपघाताच्या व्याख्येतली मालमत्ता-हानीची मर्यादा १९८४ पासून ५०,००० डॉलर होती, २०२१ मध्ये ती १,२२,००० झाली आणि तेव्हापासून महागाईप्रमाणे दरवर्षी बदलते. घातक द्रव वाहणाऱ्या लाइनींना तो बदल लागू नव्हता. कित्येक ऑफिसांत भिंतीवर अजून जुना तक्ता आहे.

आमची पद्धत सांगते. आम्ही फॉर्मच्या रकान्यांप्रमाणे माहिती ठेवतच नाही. पाइपाच्या प्रत्येक तुकड्याची एक ओळ: कुठून कुठवर, व्यास, टाकल्याचे साल, पाइपाची प्रत (ग्रेड), क्लास, दाबाचा आधार, आणि त्या प्रत्येक गोष्टीचा कागद कोणत्या फाइलमध्ये आहे. फॉर्म बदलला तरी बेरीज नव्याने मांडता येते. व्यासाप्रमाणे, दशकाप्रमाणे, क्लासप्रमाणे, दाबाच्या आधाराप्रमाणे, सगळ्यांची बेरीज तीच आली पाहिजे. साल माहीत नसेल तर दशकाच्या तक्त्यात ‘अज्ञात’ हा रकाना आहे. अंदाजाने १९५० चे दशक लिहू नका.

रेवती_ह्यूस्टन

अपडेट देते. साहेबांशी बोलणे झाले. मी वाद घातला नाही, फक्त प्रत्येक तुकड्याची ओळ आणि तिच्यापुढे कागद आहे की नाही, असा तक्ता समोर ठेवला. गावाजवळच्या ओळी रिकाम्या दिसल्यावर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आहे तसे भर. प्रवाह उलटवण्याची तारीख त्यांनी पुढे ढकलली आहे, तो तुकडा निकालात निघेपर्यंत. मालकीबदलाची सूचना आणि सुरक्षा कार्यक्रमाचा बदल या आठवड्यात पोर्टलवर जातो आहे. टेक्सास रेलरोड कमिशन (नाव रेल्वेचे असले तरी राज्यातल्या तेल, वायू आणि पाइपलाइनींवर देखरेख करणारी संस्था) हिच्या टी-४ या पाइपलाइन चालवण्याच्या परवान्याचे कामही सुरू केले आहे.

विकणाऱ्या कंपनीने गोदामातून आणखी काही खोकी पाठवली आहेत. त्यात गोल कागदी चार्ट आहेत, शाई फिकट झालेली. असा चार्ट पुरावा म्हणून धरायचा तर त्यावर काय काय असायला हवे?

सह्यकडा

फार चांगली बातमी. चार्टसाठी १९२.५१७ उघडा. जुन्या चाचणीला ते जसेच्या तसे लागू नाही, पण वाचताना तीच यादी हाताशी ठेवा: ऑपरेटरचे नाव, चाचणीला जबाबदार माणसाचे नाव, माध्यम पाणी होते की वायू, दाब, किती वेळ धरला, उंचीतला फरक, गळती आढळली का. याच्या जोडीला चार्ट कोणत्या स्टेशन क्रमांकापासून (लाइनवरच्या अंतराच्या खुणेपासून) कोणत्यापर्यंतचा, हे कळले पाहिजे. तेवढे नसेल तर तो दाबाचा कागद आहे, तुमच्या पाइपाचा नाही. स्टेशन क्रमांक बहुधा चार्टच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले असतात. स्कॅन करताना दोन्ही बाजू करा आणि मूळ कागद टाकू नका.