मदत हवी आहे: रूसोमुळे क्रांती झाली याचा पुरावा काय द्यायचा?

अबोली
शुक्रवारी निबंध द्यायचाय, म्हणून थेट विचारते. मी लिहिलं होतं, "रूसो, व्हॉल्टेअर आणि माँतेस्क्यू यांच्या विचारांमुळे क्रांती झाली." सरांनी "मुळे"भोवती लाल पेनाने गोल काढलाय आणि समासात लिहिलंय, "पुरावा?" शाळेपासून हेच शिकत आलोय. आता पुरावा कुठून आणू? तिघेही क्रांतीआधीच वारले होते. कृपया लवकर सांगा.

माधवकाका
कोणती क्रांती? अमेरिकेची असेल तर या तिघांआधी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक घ्यावा लागेल. बीएचा निबंध की एमएचा? प्रश्न नेमका काय होता?

अबोली
फ्रान्सचीच हो काका. एमए भाग १.

शिवारातून
पुस्तकं बाजूला ठेव आणि पावाचा भाव बघ. १३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्समध्ये गारपिटीने उभं पीक झोडपलं, त्यावर कडाक्याचा हिवाळा आला. १७८९ मध्ये पॅरिसात चार पौंडांचा पाव साडेचौदा सूला (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) गेला. मजुराला दिवसाला मिळायचे वीस-तीस सू. आमच्याकडे गारपीट झाली त्या वर्षी माझी आजी रोज संध्याकाळी कणगीत हात घालून खाली किती राहिलंय ते चाचपायची. त्या घरात रूसो कोण वाचणार?

नीलांबरी
शिवारातून, अजिबात पटलं नाही. भूक १७७५ मध्येही होती. पिठासाठी दंगली झाल्या, सैन्य आलं, दंगली मोडल्या, राजा गादीवरच राहिला. १७८९ मध्ये वेगळं काय झालं? १७ जूनला तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार सोडून बाकी सगळ्या जनतेच्या, प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं. भुकेला माणूस पाव मागतो. "राष्ट्र म्हणजे आम्ही" असं म्हणायला आधी कुणीतरी तो विचार मांडून ठेवलेला असावा लागतो.

शिवारातून
प्रतिनिधी कोण होते? बहुतेक वकील आणि सरकारी अधिकारी. १७८९ मध्ये गावोगावी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या, त्या तक्रारवह्यांत काय आहे ते बघा ना. मिठावरचा कर, जमीनदाराची शिकार, पेरलेलं खाणारी त्याची कबुतरं. रूसोचा 'सामाजिक करार' शोधूनही सापडायचा नाही.

स्वाती_पुणे
अबोली, एक सुचवते. प्रबोधन आणि ज्ञानोदय यांत गल्लत करू नकोस. रेनेसाँ म्हणजे प्रबोधन, अठराव्या शतकातला तो ज्ञानोदय, म्हणजे एनलाइटनमेंट. आमच्या वेळी यावर गुण कापले जायचे.

अबोली
ताई, ते बरोबर लिहिलंय. माझा प्रश्न पुराव्याचा आहे.

सम्यक
आपल्याकडचा पुरावा घे. फ्रेंच क्रांतीच्या बाजूने थॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं, ते जोतीराव फुल्यांनी वाचलं. पुस्तक माणसाला कसं हलवतं ते तिथे दिसतं. मात्र स्वातंत्र्य, समता, बंधुता सरसकट फ्रान्सच्या खात्यावर टाकू नकोस. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्पष्ट सांगितलं की ही तत्त्वं त्यांनी बुद्धाकडून घेतली.

माधवकाका
सम्यक, मुद्दा मोलाचा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. अबोली, प्रश्न जसा छापलाय तसा टाक बघू.

अबोली
"ज्ञानोदयाच्या विचारांचा फ्रेंच राज्यक्रांतीवर कितपत प्रभाव पडला?"

माधवकाका
अगं, हे आधी सांगायचं! "कितपत" विचारलंय आणि तू "मुळे" लिहून मोकळी झालीस. क्रांती का पेटली आणि पेटल्यावर तिने कोणती भाषा घेतली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला शिवारातून यांची गारपीट, कर आणि रिकामा खजिना. दुसऱ्याला २६ ऑगस्ट १७८९ चा हक्कांचा जाहीरनामा काढ. कलम ६ म्हणतं, कायदा हा सामूहिक इच्छेचा आविष्कार आहे. हा रूसोचा शब्द, १७६२ चा. कलम १६ म्हणतं, जिथे हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही, त्या समाजाला संविधानच नाही. हा माँतेस्क्यू, १७४८ चा. दोन्ही कलमं शेजारी मांड. सरांना हवा तो पुरावा हाच.

नीलांबरी
काकांशी सहमत, पण हैती सोडू नकोस. सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, जवळपास पाच लाख गुलाम होते. जाहीरनामा झाला आणि त्यांची गुलामी तशीच राहिली. ऑगस्ट १७९१ मध्ये ते उठले, तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणायला घेतली आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. ज्यांना धरून तो जाहीरनामा लिहिलाच नव्हता, त्यांनी तो खरा करून घेतला. प्रभाव कितपत हे मोजायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शिवारातून
आणि ४ ऑगस्टच्या रात्रीनंतर सभेने जमीनदारांचा कबुतरखान्याचा हक्क रद्द केला, तेही घाल. खेड्यापाड्यांतून गढ्या पेटल्या म्हणून ते झालं.

अबोली
घालते. वाक्य बदललं: "क्रांती भुकेने आणि करांनी पेटली; तिने काय मागायचं, ते ज्ञानोदयाच्या शब्दांत मागितलं." काका, कलम ३ पण घेऊ का, सार्वभौमत्व राष्ट्राचं म्हणणारं? शब्दमर्यादा १५०० आहे, तेही सांगायचं राहिलं.

माधवकाका
घे. १७ जूनच्या शेजारी ठेव, तिथे चपखल बसेल.