मदत हवी आहे: सँड ईल रेतीतून काढून बासच्या गरीसाठी जिवंत कसे ठेवायचे?

देवगडची_पुळण

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहतो. मूळ देवगडचा, त्यामुळे गरवण्याचं वेड लहानपणापासूनचं. इथे किनाऱ्यावरून समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही, म्हणून सुट्टी मिळाली की मी सेंट आइव्ह्जच्या उपसागरात, हेल ते गॉड्रेव्हीच्या लांबलचक पुळणीवर असतो. बास हा माझा आवडता मासा. तो सँड ईलच्या झुंडीमागे अगदी गुडघाभर पाण्यात येतो, तेव्हा प्लास्टिकच्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सँड ईल ही खरी वाम नव्हे. करंगळीएवढा जाड, चंदेरी, खालचा जबडा पुढे आलेला लांबुडका मासा. छोटी जात वीतभर वाढते. मोठीला इथे लाँस म्हणतात, ती फुटाच्याही वर जाते. दिवसा झुंडीने पोहतात, रात्री आणि थंडीत रेतीत घुसून बसतात. पोटात हवेची पिशवी नसल्याने पोहणं थांबलं की खाली जातात आणि निमिषात रेतीत शिरतात.

उधाणाच्या ओहोटीला पाण्याच्या कडेची ओली रेती दाताळ्याने ओढली की ते उसळून बाहेर येतात. पकडणं जमतंय. अडचण पुढची आहे. बादलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेवले, तर गळ टाकायच्या जागी पोचेपर्यंत निम्मे उलटे तरंगत असतात. बॅटरीवरचा हवेचा पंप लावूनही फरक थोडाच. मेलेले वाया जात नाहीत, तळाला टाकले की पाकट घेतात. पण जिवंत आमिषाची गोष्ट वेगळी.

जुलैत बाबा येणार आहेत. त्यांनी आयुष्यभर तंगूस हातात धरून गरवलंय, रॉडला ते अजून हात लावत नाहीत. एका मित्राची छोटी बोट आहे, तिच्यातून त्यांना हेल्फर्ड नदीच्या मुखात न्यायचा विचार आहे. तिथे जिवंत सँड ईल वाहत्या पाण्यात सोडून बास मिळवायचा. तेव्हा मासे जिवंत ठेवण्याबद्दल आणि गळाला लावण्याबद्दल ज्यांना हाताचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

दर्याकाठची

मी जर्सी बेटावर राहते. इथे रात्रीच्या ओहोटीत सँड ईल उकरायला जायची जुनी रीत आहे, शेजारच्या आजोबांबरोबर मीही जाते. त्यांच्याकडून शिकले तेवढं सांगते.

पहिली गोष्ट हत्याराची. बागेतलं टोकदार दाताळं वापरत असाल तर मासे तिथेच जखमी होतात, आणि खवलं निघालेला सँड ईल कुठल्याच पाण्यात टिकत नाही. इथे विळ्यासारखं वाकडं, बोथट हत्यार वापरतात. एका हाताने ते रेतीतून अलगद आपल्याकडे ओढायचं, चंदेरी चमक दिसली की दुसऱ्या हाताने झटकन उचलायचं. क्षणभर उशीर झाला तर तो पुन्हा रेतीत. चिखल नसलेली, जरा भरड, पायाखाली सैल लागणारी रेती बघा. घट्ट किंवा काळपट रेतीत वेळ घालवू नका.

दुसरी गोष्ट बादलीची. बादलीत हा मासा स्वस्थ बसत नाही. रेती नाही म्हणून तो सारखा पोहत राहतो आणि पाण्यातला प्राणवायू भराभर संपवतो. पंप असूनही मरतात ते गर्दीमुळे आणि पाणी तापल्यामुळे. मोठा, झाकणाचा, थंडीचा डबा घ्या, मासे मोजकेच ठेवा आणि गोड्या पाण्याची गोठवलेली बाटली घट्ट बुच लावून त्यात सोडा. बर्फ थेट टाकला तर पाण्याचा खारेपणा उतरतो. पाणी अधूनमधून बदला, मेलेला दिसला की लगेच काढा. नळाचं पाणी चुकूनही नको.

अंतर थोडं असेल तर पाणीच नको. हे मासे ओहोटीत ओल्या रेतीत तग धरून असतातच, म्हणून भिजवलेल्या शेवाळाच्या थरांत, सावलीत, गार ठेवून न्या. आम्ही थोड्या वेळासाठी तसंच करतो.

आणि हे नीट वाचा: त्याच रेतीत वीव्हर नावाचा छोटा विषारी मासा दबून बसलेला असतो. पाठीवर पुढचा काळा पर दिसला की हात लावायचा नाही. त्या पराच्या काट्यांत विष असतं आणि वेदना भयंकर होते. जाड तळाचे बूट घाला. रात्री डोक्याला दिवा लावल्याशिवाय काहीही उचलू नका. काटा लागलाच तर तो काढून तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर ओसरतो. मी गरम पाण्याचा थर्मास नेल्याशिवाय रेतीत पाऊल टाकत नाही. श्वास लागला, सूज पसरली तर सरळ इस्पितळ.

---

वल्हे_आणि_वारा

देवगडकर, बोटीचा बेत आहे तसा करू नका, आधी हे वाचा. मी डेव्हनमध्ये बोट चालवतो.

इंग्लंड आणि वेल्समधल्या बऱ्याच खाड्या बासच्या पिल्लांसाठी राखीव आहेत. १९९० च्या आदेशानुसार तिथे ठरावीक महिन्यांत बोटीतून बास पकडायला बंदी आहे. इतकंच नाही, बोटीतून कुठलाही समुद्री मासा पकडण्यासाठी सँड ईल आमिष म्हणून वापरायलाही बंदी आहे. कारण उघड आहे, सँड ईल लावला की बास येणारच. हेल्फर्ड त्या यादीत आहे. फॅल, फॉवी, कॅमल या कॉर्नवॉलमधल्या नद्याही आहेत. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला हा आदेश लागत नाही. तेव्हा हद्दी आणि महिने स्थानिक मत्स्य अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या, आणि बाबांना मोकळ्या समुद्रात न्या किंवा काठावर बसवा. बास ४२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडायचा. रोज किती ठेवता येतात आणि कुठल्या महिन्यांत अजिबात ठेवता येत नाहीत हे नियम बदलत असतात, तेही त्याच वेळी विचारा.

गळाला लावायची पद्धत: बारीक तारेचा हलका गळ, एक शून्य किंवा दोन शून्य नंबरचा. तोंडातून घालून कल्ल्यातून बाहेर काढायचा आणि टोक पोटाच्या कातडीला अगदी वरवर अडकवायचं. आत खोल गेलं की मासा संपला. हात आधी समुद्राच्या पाण्यात गार करून घ्या. शिसं कमीत कमी, त्यापुढचा तंगूस लांब, दोन-तीन मीटर तरी, म्हणजे मासा मोकळा पोहतो. बासने घेतल्यावर एकदम हिसका देऊ नका, बाबांना हे सांगावं लागणार नाही.

बोटीशी मासे ठेवायला इथले जुने लोक भोकं पाडलेली लाकडी पेटी पाण्यात सोडतात, पाणी आपोआप खेळतं. बोट नांगरून उभी असेल तर याहून चांगला उपाय नाही.

---

पफिनप्रेमी

थोडं वेगळं. पफिन, किट्टीवेक हे पक्षी पिल्लांना प्रामुख्याने सँड ईल भरवतात. माशांची भुकटी आणि तेल करण्यासाठी त्यांची इतकी मोठी मासेमारी होत असे, की २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात आणि इंग्लंडच्या उत्तर समुद्रातल्या हद्दीत ती बंद करावी लागली. कॉर्नवॉल त्या हद्दीत येत नाही, आणि हाताने काढलेल्या मूठभर माशांची त्या जहाजांशी तुलना नाही. तरी लागतील तेवढेच काढा, उरलेले जिवंत असतील तर त्याच पुळणीवर सोडा.

---

देवगडची_पुळण

मनापासून आभार सगळ्यांचे. हेल्फर्डचा बेत रद्द. राखीव खाड्यांचं मला माहीत होतं, पण सँड ईलच्या आमिषावर वेगळी बंदी आहे हे नव्हतं. बोट सेंट आइव्ह्जच्या बाहेर मोकळ्या पाण्यात नेऊ, किंवा बाबा गॉड्रेव्हीच्या काठावरून गरवतील.

बाबांना एक गोष्ट फार आवडेल. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते, इथे उधाणाला नेमकी ओहोटी. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सगळ्यात लांब जातं. तेव्हा सकाळी दहाला पुळणीवर उतरायचं, उतरत्या पाण्यामागे जात मासे काढायचे आणि पाणी फिरायच्या आत मागे यायचं, असं ठरवतोय. हेलच्या मुखाकडे प्रवाह जोरात असतो, तिकडे त्यांना नेणार नाही.

एक शंका राहिली. उरलेले मेलेले मासे घरी गोठवले की पुढच्या वेळी लगदा होतात. दुकानातले होत नाहीत, ते कसं?

---

दर्याकाठची

दुकानातले ताजे असतानाच यंत्रात फार वेगाने गोठवतात, म्हणून मांस घट्ट राहतं. घरी करायचं तर मेल्याबरोबर समुद्राच्या पाण्यात धुवा, कोरडे पुसा, प्रत्येक मासा सरळ ठेवून वेगळा गुंडाळा आणि फ्रीजरच्या सगळ्यात थंड भागात एका थरात पसरा. ढीग करून पिशवीत कोंबू नका. किनाऱ्यावर नेताना रुंद तोंडाच्या जेवणाच्या थर्मासमध्ये न्या, लागेल तसा एकेक काढा. एकदा विरघळलेला परत गोठवायचा नाही. गळाला लावल्यावर बारीक लवचीक दोऱ्याचे वेढे घ्या, म्हणजे गळ फेकताना सुटत नाही. पाकटासाठी तेवढं पुरतं.