बोर्डावर एक बाई आहे म्हणून तिथं एसआयपी लावायची?

साचेवाला :
मुलगी म्हणते, "पप्पा, म्युच्युअल फंडातली महिन्याची पाच हजारांची एसआयपी ईएसजी फंडात वळवा, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणाऱ्या फंडात. बायकांना मान देणाऱ्या कंपन्यांनाच आपला पैसा जाऊ दे." मी वीस वर्षं शिरोलीत फौंड्री लाइनला. 2013 च्या कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांना बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर, एक तरी बाई सक्तीची केली, तर कित्येक मालकांनी घरातलीच आणून बसवली. सहीपुरती. फंड परतावा बघून घ्यावा, पुण्य करायला अंबाबाईचं देऊळ आहे.

रंकाळावेस :
जुनं उगाळताय. 2020 पासून बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक लागते, तिथं मालकाची बायको चालत नाही. आणि सक्तीला नावं ठेवताय? शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, तेव्हाही नाकं मुरडलीच होती लोकांनी. कोल्हापुरात बसून हे लिहिताय!

साचेवाला :
महाराजांना मध्ये आणू नका. त्यांनी बोर्डिंगं काढली, पोरं शिकवली. इथं त्याच मॅडम चार-चार बोर्डांवर.

दुसरीपाळी :
दोघंही बोर्डाच्या खोलीत अडकलाय. मी अकाउंट्सला आहे, मला विचारा. याच हजार कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे जबाबदार कारभाराचा अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि कंत्राटी कामगार, दोन्हींत बायका किती ते वेगळं लिहितात. लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, तेही. बोर्डावरची मॅडम राहू द्या, हे तक्ते वाचा. कायममध्ये बायका नावाला आणि कंत्राटीत भरपूर, असं दिसलं की समजून जायचं.

साचेवाला :
ताई, हे पटलं. पण आमच्या कोअर शॉपमध्ये साच्यात पोकळी ठेवणारे वाळूचे कोअर करणाऱ्या बायका कुठल्या तक्त्यात? आमची फौंड्री बाजारात नाही. आमचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेणारी मोठी कंपनी आपल्या गेटच्या आतलीच माणसं मोजते. शिवाय मी फंड घेतला तरी शेअर दुसऱ्या कुणाकडून येतो, कंपनीला दमडी जात नाही.

दुसरीपाळी :
दमडी जात नाही, पण मत जातं. तुमच्या पैशावर फंड कंपनीच्या ठरावांवर मतदान करतो आणि कुणाला काय मत दिलं ते जाहीर करावं लागतं. साइटवर सापडतं.

रंकाळावेस :
कोण वाचतंय ते!

दुसरीपाळी :
मी वाचते. बहुतेक ठिकाणी 'बाजूने, बाजूने, बाजूने'.

साचेवाला :
मग मुलीला काय सांगू?

दुसरीपाळी :
फंडाला मेल टाका म्हणावं, सप्लायरकडच्या बायका मोजता का विचारून. उत्तर आलं तर इथं डकवा. तोवर एसआयपी आहे तिथं राहू दे.